फिल्टर काही सुटेना

फणसवाडी, गिरगाव
बुधवार, एप्रिलअखेर

आदरणीय बीट्रिस आंटी यांस,

स्वप्नीलचा साष्टांग नमस्कार. (अगदी खराखुरा. शनिवारची अख्खी सकाळ मी तुमच्या गाडीखाली असाच आडवा होतो, फक्त उताणा.) तुमचा खुबा आता कसा आहे? वॉकर सुटला, बहिणीच्या घरचा जिना चढता, असं केझियाकडून कळलं. तुमची ही भाची वसईहून रोज फोर्टात कामाला येते, म्हणून हे पत्र तिच्याच हाती देतोय. मोबाईलवर चार ओळी खरडता आल्या असत्या, पण म्युनिसिपालिटीच्या शाळेत तुमच्याकडून मराठी शिकलेल्या माणसाची तुम्हाला अंगठ्याचं चित्र पाठवायची छाती होत नाही.

तुमची चिठ्ठी पोचली. लेक ओलिव्हिया टोरंटोला बोलावते आहे, कॉनरॅड गेल्यावर वाडीत माझं काही काम उरलेलं नाही, तेव्हा गाडी विकून टाक, येत्या रविवारी गिऱ्हाईक येईल, त्याआधी तेल आणि फिल्टर बदल कारण कुणाला फसवून गाडी द्यायची नाही. एवढंच, आणि खाली सही. मी ती तीनदा वाचली आणि तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाहीये. (यावर मेघना रुसली आहे, कारण स्वयंपाक तिचा असतो.) आज गाडी जाईल, उद्या खोली, मग तुम्ही, एवढं मला समजतं. पण तुमचा शब्द मोडायची सवय नाही, म्हणून शनिवारी सकाळी बाह्या सरसावल्या.

गाडी गॅरेजात नेता आली असती. पण कॉटन ग्रीनच्या गोदामांत तीस वर्षं ट्रक दुरुस्त केलेल्या कॉनरॅड अंकलनी या गाडीला कधी परका हात लावू दिला नाही. दर एप्रिलात त्यांचा तो सोहळा असायचा. आम्ही सगळे गॅलरीतून बघायचो आणि शेवटी ते हात पुसत वर बघून ओरडायचे, "सब अपने हाथ से, मॅन! अकेला!" तेव्हा ते काम म्हणजे दाढी करण्याइतकं सोपं वाटायचं. अंकलचं सगळं सामान तुमच्या खोलीत जागच्या जागी मिळालं. उतरत्या लाकडी ठोकळ्यांची जोडी, बिस्किटांच्या डब्यातले पाने, आणि ती निळी वही, जिच्यात त्यांनी दर वर्षीच्या तेलबदलाची हकिकत लिहून ठेवली आहे. तीही तुम्ही शिकवलेल्या मराठीत, आणि काही ठिकाणी तुमच्या लाल पेनासकट.

वहीत लिहिल्याप्रमाणे आधी इंजिन जरा गरम केलं, म्हणजे तेल पातळ होतं. मग पुढची चाकं ठोकळ्यांवर चढवली, हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना विटा लावल्या आणि खाली शिरलो. इंजिनाच्या तळाला एक नट असतो, तो काढला की जुनं तेल खाली पडतं. पाना सतरा नंबरचा. उताणं पडल्यावर डावं कुठलं आणि उजवं कुठलं याचा माझा हिशेब कोलमडला आणि मी तो नट वीस मिनिटं घाम गाळून आणखी घट्ट केला. आमचे बाबा (तुम्ही त्यांना रमाकांतराव म्हणता, बाकी वाडी साच्यावरचे नाना म्हणते) स्टूल टाकून शेजारीच बसले होते. गिरणीत उभं आयुष्य काढल्यामुळे कुठलंही यंत्र आपल्याला कळतं अशी त्यांची खात्री आहे. त्यांनी एक चकार शब्द काढला नाही.

शेवटी नट सुटला आणि गरम काळं तेल माझ्या कोपरापर्यंत आलं. खाली ठेवायला बादली आणली होती, ती उंच निघाली. म्हणून शेजारच्या इमारतीच्या दुरुस्तीवाल्यांकडून घमेलं मागून आणलं. त्याला तळाशी भोक होतं, हे तेलाला माझ्याआधी कळलं. मग मेघनाची पोहे भिजवायची परात आली. (ती परत गेलेली नाही. नवी घेतली आहे.) सगळं तेल निथळलं, जुनं तेल गटारात सोडायचं नाही या अंकलच्या शिस्तीप्रमाणे बाटल्यांत भरलं, आणि मोठ्या ऐटीत वरून नवं तेल ओतायला लागलो. लिटरभर गेलं असेल, तेव्हा बाबांनी तोंड उघडलं.

"मेल्या, नट खंय आसा?"

नट माझ्या खिशात होता. नवंकोरं तेल वरून आत जाऊन खालून सरळ परातीत येत होतं. आधी का नाही बोललात, असं विचारलं तर म्हणतात, "माका वाटला, धुवन घेतस."

हे सगळं मी हसत लिहितोय, पण आंटी, तिथे खाली पडल्या पडल्या मला या गाडीचे उपकार आठवत होते. मेघनाला बाळंतपणाला नेलं ते याच गाडीतून. विसर्जनाच्या दुपारी गिरगावात पाऊल टाकायला जागा नव्हती, अंकल खिडकीतून डोकं काढून सगळ्यांना हात जोडत होते, आणि मागच्या सीटवर तुम्ही मेघनाचा हात असा धरला होता की पुढे तीन दिवस तिच्या मनगटावर तुमची बोटं दिसत होती. आंटींनी धरून ठेवलं म्हणून मनू सुखरूप आली, असं मेघना आजही म्हणते. बाबांचं डोळ्याचं ऑपरेशन, माझी पहिली मुलाखत, सगळीकडे हीच गाडी. तुम्ही कधी त्याचा उच्चारही केला नाहीत. आणि आम्ही नीट बसून कधी थँक्यू म्हटलं नाही, ते आज म्हणतो. थँक्यू आंटी, मनापासून.

आता मुख्य अडचण. तेल झालं, पण फिल्टर काही सुटेना. हाताने ओढला, फडकं गुंडाळून पिळला, अंकलचं नाव घेऊन पिळला, जागचा हलत नाही. हताश होऊन वही उघडली, की अंकल काय करायचे ते तरी बघू. दोन हजार बाराच्या पानावर लिहिलं होतं: "फिल्टर माझ्याने सुटला नाही. बीट्रिसला हाक मारली. सुटला." तेराच्या पानावर तेच. चौदाच्याही. शेवटच्या पानापर्यंत एकही वर्ष चुकलेलं नाही. म्हणजे आम्ही गॅलरीत टाळ्या वाजवत होतो ते "अकेला" असं होतं तर! मला तिथेच गाडीला टेकून हसू आलं, आणि मग डोळे पुसताना तोंडाला तेल लागलं.

तर परिस्थिती अशी आहे. जुन्या फिल्टरची गाडी विकणं म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणं, ते तुम्हाला चालणार नाही. फिल्टर तुमच्याशिवाय सुटत नाही, हे अंकलच्या अक्षरात लिहिलेलं आहे. तेव्हा वाडीत तुमचं काम उरलेलं नाही हे तुमचं वाक्य चूक आहे, आणि या वेळी लाल पेन माझ्या हातात आहे.

खुब्याला जपा. तुमच्या बहिणीला आमचा नमस्कार, मनूचे पापे.

तुमचाच,
स्वप्नील

ता. क. एक सांगायचं राहिलं. जुनं तेल बाटल्यांत भरलं असं वर लिहिलं आहे. त्या बाटल्या तुमच्या दारामागच्या गोणीत मिळाल्या. बिअरच्या, गडद तपकिरी, धुऊन लख्ख वाळवलेल्या. मला वाटलं अंकलची आठवण म्हणून ठेवल्या असतील. तुम्ही पडण्याआधी त्या यंदाचा बॉटल मसाला ठासून भरायला तयार करून ठेवल्या होत्या, हे केझियाने सोमवारी सांगितलं तेव्हा पाच बाटल्या भरून झाल्या होत्या. मसाला ठासायची काठी मी बूच बसवायला वापरली. क्षमा असावी.

आणखी ता. क. मेघनाने पत्र वाचलं. खरं लिहिल्याशिवाय ती पाकीट चिकटवू देत नाहीये. फिल्टर शनिवारीच सुटला. मी वर चहा प्यायला गेलो तेवढ्यात तिने पॉलिश पेपर गुंडाळून बरणीच्या झाकणासारखा फिरवला. वहीत मात्र तिने "फिल्टर" लिहून पुढची जागा मोकळी ठेवली आहे. गाडी झकास चालते. म्हणजे गाडीसाठी तुम्ही यायची काही गरज नाही. आम्हाला आहे.

शेवटचा ता. क. गिऱ्हाइकाला रविवारी येऊ नका असं कळवलं आहे. रविवारी सकाळी नऊला मीच गाडी घेऊन वसईला येतोय. तुम्ही नाही म्हणालात तर किल्ली तुमच्या हातात देऊन निघून येईन, एक शब्द बोलणार नाही. हो म्हणालात तर पुढच्या सीटवर बसा, आणि बसताना मांडीवर पाच रिकाम्या बाटल्या घ्या.