निळे ड्रम परत

३ मार्च, सोमवार

आमच्या तेल कारखान्याच्या पॅकिंग हॉलमधल्या डब्यांत आज स्वतः हात घालून पाहिला. हिरवा डबा ओल्या कचऱ्याचा, पांढरा कागद-पुठ्ठ्याचा, पिवळा प्लास्टिकचा. तिन्हीत तंबाखूच्या खर्ऱ्याच्या पन्न्या. तिन्हीत थुंकी.

तिवारी साहेबांना सांगितलं. प्लांट हेड आहेत, त्यांनीच कचरा वेगळा करायचं हे काम माझ्या गळ्यात टाकलं. म्हणाले, "मैडम, फोटो अच्छे आए हैं. हेड ऑफिस खुश है."

फोटो काढले तेव्हा डबे रिकामे होते, साहेब. हे मनातल्या मनात.

उद्यापासून प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला मी डब्यापाशी उभी राहणार. पाहू किती दिवस लाजत नाहीत.

५ मार्च, बुधवार

उभं राहिल्याचा फायदा झाला. निदान माझ्यासमोर तरी बरोबर डब्यात टाकतात. एकानं खर्रा खिशात परत ठेवला!

दुपारी मागच्या शेडमध्ये गेले. कचरा वेगळा करणाऱ्या बायका तिथे बसतात, ठेकेदाराच्या. त्यांच्यातली सुगंधाबाई मडावी पुढे आली. नागझिऱ्याच्या जंगलाकडच्या गावची. कधी काही मागत नाही. आज मागितलं.

"मॅडमबाई, होळीले निळे ड्रम वाटतेत ना, त्याच्यात माहं नाव टाकून द्या. पोरीच्या घरी नळ नाही. बाळंतीण आहे, पानी लागते."

आमच्याकडे ही जुनी पद्धत. बॉयलरच्या पाण्यात टाकायचं औषध निळ्या ड्रममधून येतं. रिकामे झालेले ड्रम होळीआधी कामगारांना पाळीपाळीनं देतात. पक्कं झाकण, वर्षानुवर्षं फुटत नाही. या भागात ज्याच्या अंगणात निळा ड्रम, तो कंपनीतला. ठेकेदाराच्या बायकांना मात्र कधीच मिळाला नाही.

म्हटलं, "नाव टाकायचं काय, चांगला पाहून मीच काढून ठेवते."

किती खुश झाली.

६ मार्च, गुरुवार

ड्रम निवडायला बॉयलरमागे गेले. सगळ्यांवरची लेबलं खरवडलेली, हे काम आधीच कुणीतरी करतं. एका ड्रमवरचं अर्धं राहिलं होतं. हातमोजे घाला, डोळ्यांना लागू देऊ नका. खाली ड्रम दुसऱ्या कामाला वापरू नका असं काहीतरी, पुढचं फाटलेलं.

पुरवठादाराला फोन लावला. तिकडचा माणूस आधी हसला, मग हसायचा थांबला.

"पीने का पानी? नहीं मैडम, बिलकुल नहीं. कितना भी धोओ. प्लास्टिक में बैठ जाता है."

ही इतकी वर्षं कोणी विचारलंच नाही त्यांना? "किसी ने पूछा नहीं."

घरी आले. मोरीत आमचाही एक आहे. सासूबाई त्यातूनच तांब्या बुडवत होत्या. तांब्या हातातून घेतला तर म्हणाल्या, "काय झालं तुले आज?"

७ मार्च, शुक्रवार

सुगंधाबाईला सांगणं सगळ्यात कठीण गेलं.

ऐकून घेतलं. हातातलं पोतं खाली ठेवलं. म्हणाली, "दुसऱ्याईले देल्ले तवा बरे होते. आमची पाळी आली अन् जहर झालं?"

मी समजावत राहिले. ती पाठ करून पुठ्ठे फाडत राहिली.

तिच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं.

१० मार्च, सोमवार

तिवारी साहेबांकडून होकार काढला: यापुढे एकही ड्रम अख्खा बाहेर जाणार नाही. कापून, तुकडे करून, पुरवठादाराच्याच गाडीत परत. साहेब लगेच हो म्हणाले. "रीसायकलिंग में दिखा सकते हैं ना?" दाखवा, काय दाखवायचं ते.

संध्याकाळी पटलेभाऊ, म्हणजे लक्ष्मण पटले, केबिनमध्ये आले. बॉयलरचे जुने ऑपरेटर, कामगारांचे पुढारी. कामठ्याचे. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

"बिसेन मॅडम, होळीच्या तोंडावर तुम्ही हे काय करून राहिल्या?"

सांगितलं सगळं.

"माहा पोट्टा रांगत होता तवापासून ड्रम आहे घरी. मेलो का आम्ही?"

"मेले नाही म्हणून पाजतच राहायचं का, भाऊ?"

दार आपटून गेले. काचेला तडा नाही गेला हे नशीब.

११ मार्च, मंगळवार

गेटवर घोषणा. माझ्या नावाच्या नाहीत, पण माझ्याकडे पाहून. पिवळ्या डब्यात कुणीतरी मेलेला उंदीर टाकला. उचलून फेकला, डबा धुतला, परत जागेवर.

डब्याशी उभं राहणं सोडलेलं नाही.

१२ मार्च, बुधवार

माझा नवरा प्रमोद नागझिऱ्याच्या गेटवर गाईड आहे, आज त्याची सुट्टी होती. सकाळी त्यानं आमच्या मोरीतला ड्रम स्कूटीच्या मागे बांधून दिला. सासूबाई ओट्यावर उभ्या राहून ओरडत होत्या, "पानी कशात भरू? तुह्या डोक्यात?" त्यांचंही बरोबर. नळ एक दिवसाआड येतो.

पाळी बदलायच्या वेळी गेटसमोर ड्रम ठेवला आणि वर्कशॉपच्या मुलाकडून कापून घेतला. काहीच बोलले नाही. भाषण तयार केलं होतं, पण ग्राइंडरचा आवाजच इतका.

लोक थांबले. कोणी हसलं, कोणी म्हणालं, "मॅडमले दुसरा भेटून जाईल, आमाले कोन देईल?"

हा प्रश्न बरोबर आहे. दिवसभर हाच डोक्यात.

१३ मार्च, गुरुवार

उत्तर पॅकिंग हॉलमध्येच पडलेलं होतं!

तेल भरायचे पांढरे ड्रम. तोंडाला जरा पोचा आला की तेल गळतं म्हणून बाद करतात आणि भंगारात देतात. खाण्याच्याच तेलाचे. पाण्याला काय धाड भरली आहे त्यांना? गरम सोड्याच्या पाण्यानं धुतले की झालं.

निळा आणा, पांढरा न्या.

ति. साहेब फोनवर होते, हातानंच "करो, करो" केलं. मी तो हात परवानगी धरला.

१७ मार्च, सोमवार

होळीच्या सुट्टीनंतर पहिला दिवस. गेटजवळ पांढरे ड्रम मांडून बसले. एकही निळा आला नाही.

धुवायला शेडमधल्या दोघीजणी आल्या होत्या. सु.बाई नाही.

१८ मार्च, मंगळवार

आज जे झालं ते सविस्तर लिहायलाच हवं.

औषधाची गाडी आली. सोबत पुरवठादाराचा माणूस, माल उतरवून घ्यायला. पटलेभाऊंनी त्याला बॉयलरपाशी बोलावलं, मलाही निरोप पाठवला. गेले तर पंधरा-वीस लोक गोळा. मध्ये एक निळा ड्रम, चकाचक धुतलेला, पाण्यानं भरलेला. पटलेभाऊंच्या हातात स्टीलचा पेला.

म्हणजे माझाच पंचनामा होता.

पटलेभाऊंनी सगळ्यांकडे पाहिलं, पेला बुडवला आणि त्या माणसापुढे धरला. "घ्या साहेब. उन्हातून आले. प्या."

तो ड्रमकडे पाहून म्हणाला, "नहीं, नहीं."

"काऊन? मी सोता धुतला. तीनदा."

"भैया, मैं नहीं पिऊँगा."

"एक घोट."

तो मागे सरकला. खरंच सरकला, पाठ गाडीला टेकली. "मेरे बच्चे हैं," म्हणाला.

कोणी हसलं नाही. पटलेभाऊंचा हात तसाच, पेला धरलेला. मग त्यांनी पाणी हळूच जमिनीवर ओतलं. पेला पुसला नाही, खिशात घातला नाही, तिथेच ठेवून बॉयलरकडे चालू लागले.

मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

१९ मार्च, बुधवार

सकाळी गेटवर पहिला माणूस पटलेभाऊ. मोटरसायकलच्या दोन्ही बाजूंना एकेक निळा ड्रम. उतरवून ठेवले. एक पांढरा उचलला, वास घेतला, झाकण लावून पाहिलं.

जाताना म्हणाले, "कामठ्याले मायच्या घरी अजून एक आहे. बुडीले समजावनं माह्यानं होत नाही. तुम्ही येजा."

संध्याकाळपर्यंत गेटपाशी निळी रांग. सायकलवर, ऑटोत, एक तर बैलगाडीत. हात दुखले उतरवून घेताना. कितीतरी दिवसांनी भूक लागली.

२० मार्च, गुरुवार

कामठा. पटलेभाऊंची माय अंगणात तांदूळ निवडत बसलेली. ड्रम दारातच, वर तुळशीची कुंडी.

"हा माह्या लेकानं पयल्या पगाराच्या वर्षी आनला," म्हणाली. "तू कोन नेनारी?"

मी औषध, प्लास्टिक सगळं सांगितलं. ऐकलं तिनं. मग लेकाला म्हणाली, "तुले मालूम होतं?"

"नाही माय."

"मंग तुह्या कंपनीले मालूम होतं?"

तिनं उठून स्वतःच कुंडी उतरवली.

२१ मार्च, शुक्रवार

सु.बाई धुवायला आली. बाकीच्यांच्या शेजारी बसली. दुपारी मीच एक पांढरा ड्रम बाजूला काढला, पोरीसाठी.

"नाही," म्हणाली. "निळा आनून देनाऱ्यालेच पांढरा, असं तुमीच म्हनता. माह्याजवळ निळा कुठे आहे? तुमीच नाही देल्ला."

मग ती हसायला लागली, शेजारच्या दोघीही. चिडवून राहिली होती बया! शेवटी ड्रम घेतला, पण सगळ्यांसमोर, माझ्याकडून दोनदा म्हणवून घेऊन: ठेकेदाराच्या बायकांनाही बाकीच्यांसारखाच.

दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदाही म्हटलं असतं.

२५ मार्च, मंगळवार

डब्यांत आता पुठ्ठा पुठ्ठ्यात पडतो. खर्रा आहेच. त्याच्याशी भांडण चालू राहील.

ज्यांनी ड्रम पाहुण्यांना, सोयऱ्यांना दिले, ते आता विचारायला येतात. कुणाचा तिरोड्याला, कुणाचा जंगलाकडच्या गावात. तिकडच्यांना कोण सांगणार? कंपनीची गाडी मागितली आहे.

२७ मार्च, गुरुवार

ति. साहेबांनी दार लावून घ्यायला सांगितलं.

"मैडम, एक्सचेंज बंद."

का?

"काटना ठीक है. आगे से मत दो, वो भी ठीक है. लेकिन वापस क्यों बुला रहे हो? गाड़ी लेकर गाँव-गाँव जाओगे तो लोग पूछेंगे ना, पहले दिया क्यों?"

"विचारू द्या ना, साहेब."

"आप समझ नहीं रहीं."

समजलं होतं. नीट समजलं होतं. म्हटलं, "आणि जे अजून त्यातलं पाणी पिऊन राहिले, त्यांचं काय?"

उठून एसी वाढवला त्यांनी. वाईट माणूस नाही. वरून फोन आला असावा. पण मला तो फोन आलेला नाही.

२८ मार्च, शुक्रवार

गेटवरचे पांढरे ड्रम सकाळी उचलून गोदामात टाकलेले. कुलूप. सु.बाई आणि तिच्या सोबतिणी रिकाम्या जागेकडे पाहत उभ्या.

पटलेभाऊंना सांगितलं. वाटलं, घोषणा सुरू करतील. त्यांनी फक्त विचारलं, "रविवारी कंपनी तुमची मालक आहे का?"

"नाही."

"माह्या भाच्याचा टेम्पो आहे."

पांढरे ड्रम नाहीत, बदल्यात द्यायला काही नाही. म्हटलं, निदान सांगू तर. पिऊ नका, एवढं तर सांगू.

३० मार्च, रविवार

पाडवा. गुढी उभारली, पुरणाचं सासूबाईंवर सोडलं. त्या म्हणाल्या, "सणाचा दिवस अन् तू चालली." मग टेम्पोपर्यंत येऊन डबा दिला, तिघांना पुरेल इतका.

मी, पटलेभाऊ, सु.बाई. सु.बाई हवीच होती. आत जंगलाकडे तिच्या बोलीशिवाय कोणी दार उघडून बोलत नाही. गोंडीत काय सांगत होती मला कळत नव्हतं, पण मध्येच पेला पुढे करून मागे सरकून दाखवायची. पटलेभाऊ मान खाली घालून उभे.

बहुतेकांनी ऐकलं. काहींनी आमच्यासमोर ड्रम रिकामा करून आडवा पाडला. एका घरी बदल्यात पांढरा मागितला. नाही म्हणावं लागलं.

शेवटचं घर. पटलेभाऊंच्या सोयऱ्याचं. ड्रम दारात, तोंडापर्यंत भरलेला, वर ओलं फडकं. मालक खाटेवर बसलेला. आमचं सगळं ऐकलं.

"हे कंपनीचं म्हननं आहे का तुमचं?"

"माझं," म्हटलं. "यांचंही."

"मंग कंपनी काऊन नाही आली?"

पटलेभाऊ माझ्याकडे पाहू लागले. सु.बाईही.

"कंपनी येऊन सांगेल तवा देईन," तो म्हणाला. "पाह्यटेपासून बायको पानी भरून राहिली. तुमच्या सांगन्यानं सांडून टाकू?"

घरातून एक पोरगी तांब्या घेऊन बाहेर आली, आम्हाला पाणी द्यायला. सु.बाई पुढे झाली, तिच्या हातून तांब्या घेतला आणि खाली ठेवला. त्या माणसानं पाहिलं. ना आम्हाला जा म्हणाला, ना पोरीला आत जा म्हणाला.

निघालो. वळणावर मागे पाहिलं, तर तो खाटेवरून उठून ड्रमपाशी उभा होता. फडकं हातात होतं. पुढे टेम्पो वळला.

उद्या ईदची सुट्टी. मंगळवारी सकाळी ति. साहेबांनी बोलावलं आहे. आज आम्ही कुठे फिरलो ते त्यांच्या कानावर गेलंच. पटलेभाऊ म्हणाले, एकट्या जाऊ नका. सु.बाईलाही सांगितलं आहे, शेडमधून थेट केबिनमध्ये यायचं, चपला काढायच्या नाहीत.

काय बोलायचं ते ठरवलेलं नाही. एवढंच ठरवलं आहे की गोदामाच्या कुलपाची चावी घेतल्याशिवाय खुर्चीत बसायचं नाही.