आईंचा बॉबकट

मुलुंड पूर्व,
१२ मे २०२४

प्रिय गार्गी,
स. न. वि. वि.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोन वाजला की आई शेजारी येऊन बसतात आणि विषय त्यांचाच आहे. तुझा दादा ऑफिसला अंधेरीला येतोच, जाताना तुझ्या घरी देईल.

आईंचा उजवा खांदा अजून वर जात नाही. व्यायाम चालू आहेत, पण अंबाडा घालता येत नाही. मी घालून देते, तो त्यांना पसंत पडत नाही. मी कामावर निघायच्या घाईत असते हेही खरं. परवा त्या म्हणाल्या की सगळे कापूनच टाकू या का. मला वाटलं, रागाने म्हणताहेत. पण काल पुन्हा तेच, आणि माझ्या मोबाईलवर आखूड केसांचे फोटो बघत बसल्या. बाबांना लांब केस आवडायचे म्हणून एवढी वर्षं सांभाळले, असंही बोलल्या.

बाबांना जाऊन जेमतेम चार महिने झालेत. लोक काय म्हणतील याची धास्ती मला वाटते, त्यांना नाही. तू त्यांची लेक, तुला विचारल्याशिवाय कात्री लागू द्यायची नाही असं ठरवलंय. कुठला कट शोभेल आणि आवरायला सोपा जाईल, तेही सांग.

माया आहेच, ती अशीच राहू दे.
शुभावहिनी

*

अंधेरी,
१५ मे २०२४

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसूच आलं. आपली आई आणि बॉबकट! अगं, काप बिनधास्त. लोकांना घाबरणारी तू कधीपासून झालीस? फारच वाटलं तर त्यांना म्हणावं, रोज सकाळी येऊन वेणी घालून जा.

बॉयकट मात्र नको हं. तिचा चेहरा गोल, अगदी फुगा दिसेल. हनुवटीच्या जरा खाली येतील एवढे ठेव. भांग मधून नको, बाजूने पाड, म्हणजे माथ्यावर विरळ झालंय ते झाकेल. कपाळावर बटा नकोत, चष्म्यात जातात. आणि पार्लरमध्ये नेऊ नकोस, चार बायकांत ती बावरेल. तुझे केस कापणाऱ्या त्या कुंदालाच घरी बोलाव. कोणी काही बोललं तर खुशाल माझं नाव सांग, एकेकाला बघते.

झकास दिसेल आमची आई. फोटो पाठव.

तुझ्या लाडाची हक्कदार,
गार्गी

*

मुलुंड पूर्व,
२० जानेवारी २०२५

प्रिय गार्गी,
स. न. वि. वि.

बाबांच्या वर्षश्राद्धाला तू होतीस. तरी काय झालं ते लिहिते, कारण तू ते ऐकलंस की नाही अशी मला शंका येते आहे.

मालनआत्या बाबांच्या दिवसकार्यानंतर पहिल्यांदाच चिपळूणहून आल्या आणि आईंना बघून दारातच रडू लागल्या. पानं वाढलेली असताना सगळ्यांदेखत म्हणाल्या की आमच्या आजीला नवरा गेल्यावर न्हाव्यापुढे बसवलं होतं, माझ्या वहिनीला या काळात सुनेने बसवलं. मी आईंकडे पाहिलं. वाटलं, आता सांगतील. केस कापले त्या दिवशी तीनदा आरसा मागणाऱ्या, पुढे कुंदाला आठवणीने बोलवायला लावणाऱ्या आई! त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाल्या की घर आता शुभाचं आहे, तिला जमेल तसं राहायचं.

मी वरण वाढत होते, तू माझ्यामागे खीर घेऊन. एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलीस, एक शब्द बोलली नाहीस. कट तू सांगितलास, भांगसुद्धा तू सांगितलास.

तुझा दादा म्हणतो, म्हाताऱ्या माणसांचं कशाला मनावर घेतेस. चिपळूणपासून दिंडोशीपर्यंतच्या नात्यात मी आता सासूचे केस कापणारी बाई आहे. मला फार राग आलाय, आणि त्याहून जास्त वाईट वाटलंय. आत्यांना फोन कधी करतेस, एवढंच कळव.

शुभा

*

अंधेरी,
२ फेब्रुवारी २०२५

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

रागावू नकोस गं. मला सगळं कळतं. पण चारचौघांत आईला खोटं पाडायचं का? तिचं वय बघ. तुझं मन मोठं आहे, तू समजून घेशील.

आणि माझीही अडचण आहे. आमच्या रुचिराचं स्थळ आत्यानेच आणलंय, बोलणी अगदी ठरत आली आहेत. आत्ता तिला दुखवलं तर पोरीच्या लग्नाची वाट लागेल. तरी मी फोनवर तिला सांगितलं की वहिनीचा हेतू वाईट नव्हता.

आता आईचे केस वाढू दे. मी चांगलं गंगावन आणून पाठवते. साखरपुड्यात सगळ्यांना तिचा अंबाडा दिसला की विषय मिटेल.

आपल्यातला जिव्हाळा आटू देऊ नकोस.
गार्गी

*

मुलुंड पूर्व,
८ जून २०२५

प्रिय गार्गी,
स. न. वि. वि.

साखरपुडा छान झाला, रुचिरा गोड दिसत होती. आईंचा अंबाडाही सगळ्यांनी पाहिला. मालनआत्यांनी तो हाताने चाचपला आणि गंगावन आठवणीने आणलं म्हणून तुझं कौतुक केलं.

तेव्हापासून रोज सकाळी मीच तो घालते, कारण आईंना आता त्याशिवाय दाराबाहेर जायचं नसतं. खांदा आहे तसाच आहे. उकाड्याने मानेवर घामोळं उठलंय, त्याला पावडर लावते. शेजारच्या विमलाबाईंना त्या सांगतात की सुनेला आता पश्चात्ताप झालाय. मी स्वयंपाकघरात असते, मला ऐकू येतं.

माझा हेतू वाईट नव्हता असं तू आत्यांना सांगितलंस, त्याने माझ्यावरचा आरोप पक्का झाला. हे तुला कळत नसेल असं मला वाटत नाही.

काल घरात आम्ही दोघीच होतो. आई हळूच म्हणाल्या की ते आखूड केस बरे होते गं, शोभत होते मला, मान कशी हलकी वाटायची. माझा कंगवा थांबला. मी म्हटलं, हेच आत्यांना सांगता का, आत्ता फोन लावून देते.

त्यांनी डाव्या हाताने मानेमागची गाठ चाचपली. मग म्हणाल्या की गाठ सैल राहिली आहे, जरा घट्ट बांध.

मी बांधली.

शुभा