मेंदूची तालीम

५ जानेवारी, सकाळ
आजपासून ऋतुराजचा मेंदू माझ्या ताब्यात. काल डॉक्टर म्हणाले, स्किझोफ्रेनिया असला तरी सरावानं मेंदू नवीन वळण घेऊ शकतो. कुणाचा किती घेतो, ते थोडं जीन्सवरही असतं, वगैरे. पुढचं काही महत्त्वाचं नव्हतं. मी शाळेत पी.टी. शिकवली, कुस्तीची पोरं घडवली. मेंदू म्हणजे शेवटी एक स्नायूच. जूनमध्ये पोरगा परत इंजिनिअरिंगला.

घराण्यात आणखी कुणाला आहे का, असं डॉक्टरांनी विचारलं. आमच्याकडे कुणी नाही, सांगितलं. धोंडुआत्या विहिरीशी बोलायची, पण ती देवभोळी होती. बायकोचे, म्हणजे संयोगिताचे, मामा मात्र संशयास्पद, तेही सांगितलं. जेवताना एकटेच हसतात.

बायको कालपासून माझ्याशी बोललेली नाही.

९ जानेवारी
पहाटे शिट्टी, जोर-बैठका, थंडाई, मग पत्त्यांच्या जोड्या लक्षात ठेवणे. ऋतुराज सगळे डाव जिंकला. "अप्पा, हरलाय की!" म्हणाला आणि हसला. दिवाळीनंतर पहिल्यांदा.
मी सामना बरोबरीत सुटल्याचं जाहीर केलं. पैलवान लवकर शेफारतो.

१७ जानेवारी
शिट्टीला उठत नाही. गोळीची सुस्ती. सुस्त पैलवान कुठला वस्ताद खपवून घेईल? गोळी बंद केली. संयोगिताला सांगितलेलं नाही, उगाच डॉक्टरांना फोन करेल.

२४ जानेवारी
शंभर नंबरी रिझल्ट! माझ्याआधी उठून बसलेला, डोळे टक्क. रात्रभर झोपलाच नाही म्हणे. यालाच स्टॅमिना म्हणतात. कसबा बावड्यातल्या सगळ्या मित्रांना सांगून आलो.

२९ जानेवारी
पत्ते हातात धरत नाही. पत्त्यांवरचे राजे बघतात म्हणे. थंडाई मोरीत ओतली, त्यात काहीतरी घातलंय म्हणाला. मग हळूच विचारलं, "अप्पा, तुम्ही थांबला तरी शिट्टी वाजतीया. कोण वाजवतंय?"
मी शिट्टी कपाटात ठेवली, कुलूप लावलं, किल्ली त्याच्या हातात दिली. तरी कानांवर उशी दाबून बसला.
संयोगिताला भरलेलं गोळ्यांचं पाकीट सापडलं. "अहो, काय करून बसलासा हे?" मी म्हटलं, थोडा ब्रेक दिलाय. तिनं तिथूनच डॉक्टरांना फोन लावला.

३ फेब्रुवारी
ऋतुराज हॉस्पिटलात. गोळ्या परत सुरू. डॉक्टर रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाले, जीन्स कुणी निवडून घेत नाही. सराव हवाच, पण गोळीच्या जोडीनं आणि त्याला झेपेल तसा. घराण्यात कुणी होतं का, परत विचारलं. धोंडुआत्याचं सांगितलं. संयोगिता ऋतुराजचे पाय चेपत राहिली.

दुपारी त्यानं डोळे उघडले. "अप्पा, मी हरलो व्हय?"
"न्हाय रं," म्हटलं, "बरोबरीत सुटली."
"तुम्ही दरवेळी असंच सांगताय," म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.