कायम बरी असलेली आजी

३ मार्च, सोमवार

आज नातीकडे राहायला आले. मुलगा गाडीतून सोडून गेला आणि सुनेने आठवणीने दिलेली औषधांची पिशवी गाडीतच घेऊन परत गेला, म्हणजे सगळं नेहमीसारखंच झालं. घर सहाव्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट चालते. पुढच्या खोलीत नातीचा कारखाना आहे. दोन टेबलं, तीन कॉम्प्युटर आणि खोकंभर जुने फोन, मुळ्याच्या जुड्या ठेवाव्यात तसे उभे रचलेले. मागची खोली माझी. खिडकीबाहेर शेजारच्या इमारतीची आंधळी भिंत. मला तिच्यात बघायला काही नाही, तिला माझ्यात काही नाही, आमचं जमेल.

नात आणि तिचा भागीदार मिळून मोबाइलचं ॲप करतात. भागीदार एवढा उंच की दारातून मान तिरकी करून येतो. मी त्याला लांब्या म्हणते, तो हसतो. ॲप आहे एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी. रोज सकाळी ते विचारतं, बरे आहात ना? आपण हिरवं बटण दाबायचं, की पोराबाळांना निरोप जातो. नाही दाबलं तर त्यांच्या फोनवर भोंगा वाजतो. नातीने यासाठी चांगली नोकरी सोडली. मला मुद्दाम बोलावलं, कारण माझा फोन जुना, बोटं जाड आणि तोंड फटकळ. काय काय अडतं ते रोज लिहून ठेव म्हणाली. मी चौथीपर्यंत शिकले, तीही चौथी दोनदा. पण लिहिते. इथे बरं वाटतंय.

५ मार्च, बुधवार

मी फोनवर अक्षरं मोठी ठेवते. त्यामुळे ॲपमधला प्रश्न एवढा फुगला की हिरवं बटण पडद्याच्या खाली गेलं. मला दिसेचना. मुलाकडे भोंगा वाजला, तो अंगाला साबण लावलेला असताना. त्याचा फोन आला तेव्हा मी शेंगा सोलत बसले होते.

लांब्याने आपला फोन काढून दाखवला आणि म्हणाला, माझ्याकडे तर चालतंय. मी म्हटलं, मग तूच म्हातारा हो आणि तुझ्याच फोनवर बरा राहा. नात हसून लोळली. संध्याकाळपर्यंत त्याने बटण वर आणून चिकटवलं.

९ मार्च, रविवार

नवीन खोड. बॅटरी वाचवायला माझा फोन ॲपला झोपवतो. मी जागी, ॲप झोपलेलं, प्रश्न आलाच नाही. पुन्हा भोंगा. लांब्याने फोनच्या पोटात शिरून कुठलीशी सोय बंद केली. मग ॲप जागं राहिलं, पण फोन इस्त्रीसारखा तापायला लागला. त्यावर त्याने ॲपला सांगितलं, सारखं जागं राहू नकोस, मधून मधून डोळा उघडत जा. आता ठीक आहे. पोरगं कामाचं आहे, कौतुक केलं तर बिघडेल म्हणून करत नाही.

१२ मार्च, बुधवार

ज्या दुकानातून लोक ॲप घेतात, त्या दुकानाने आमचं ॲप परत पाठवलं. ही दुसरी खेप. नातीचा चेहरा पडला. दुकान म्हणतं, माइक कशाला हवा ते नीट लिहा. ते तिने लिहिलं. पण दुसरं असं की तपासणाऱ्या माणसाला आत शिरून बघायला एक भरलेलं खातं हवं. नव्या खात्यात सगळं रिकामं. भरलेलं एकच होतं, माझं. मी म्हटलं, द्या.

अडचण अशी की तपासणारा वेळेवर बटण दाबणार नाही, भोंगा वाजेल, आणि त्याला वाटेल ॲप बिघडलंय. म्हणून लांब्याने माझं खातं बांधून टाकलं. काहीही होवो, ते कायम सांगणार की बरी आहे. माझ्या आवाजात थोडी वाक्यंही भरून घेतली. मी बरी आहे. जेवले. तुम्ही आपलं काम बघा. मी म्हटलं, मेले तरी बरीच का? तो म्हणाला, तपासणीपुरतंच हो, आजी.

१७ मार्च, सोमवार

दुकानाने घेतलं! नात रडली, लांब्याने टेबलावर ढोल वाजवला. मी विचारलं, आता माझं खातं सोडवणार ना? तर म्हणे, त्यासाठी ॲपची नवी आवृत्ती पाठवावी लागेल, पुन्हा रांग, पुन्हा तपासणी. पुढच्या खेपेला बाकीच्या दुरुस्त्यांबरोबर करू.

२० मार्च, गुरुवार

लोकांच्या तक्रारी यायला लागल्या. उगाच भोंगा वाजतो म्हणून एकाने पाचपैकी एकच चांदणी दिली. लांब्याने उपाय काढला. म्हातारं माणूस बटण विसरलं, तर ॲपने त्याच्याच आवाजात पोराबाळांशी दोन शब्द बोलायचे आणि प्रसंग निभावून न्यायचा. माझी वाक्यं होतीच, त्यांवरून ते नवी वाक्यं जोडायला शिकलं. फक्त माझ्या खात्यावर करून बघतोय म्हणाला. दाराची बेलही त्याला जोडली. बाहेर बोलका डबा बसवलाय, म्हणजे गुडघे दुखणाऱ्यांना उठायला नको. मी म्हटलं, माझे गुडघे अजून माझं ऐकतात.

२२ मार्च, शनिवार

आज मी ते ऐकलं. मुलगा ॲपवर बोलत होता आणि नातीने कॉम्प्युटरवर आवाज मोठा केला. माझा आवाज. माझ्यासारखाच टोमणा मारून बोलणारा. मुलगा खळखळून हसत होता. माझ्याशी एवढा कधी हसला ते आठवत नाही.

मग ते म्हणालं, तू दाढी करताना तुझ्या बापासारखा गाल फुगवतोस, लहानपणी फळीवर उभा राहून त्याची नक्कल करायचास.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं काय आहे त्यात. लांब्याला विचारलं, हे कुठून आलं? त्याने बराच वेळ कीबोर्ड बडवला. शिकलं असेल कुठून तरी, म्हणाला. पण माझ्याकडे बघितलं नाही.

२४ मार्च, सोमवार

नात आणि लांब्या आज परगावी गेले. तिथे पैसे घालणाऱ्या मोठ्या लोकांना ॲप दाखवायचंय, शनिवारी परत. ते निघताना मी निक्षून सांगितलं, माझं खातं आधी सोडवा. मी इथे एकटी. पडले झडले तर ते सांगत बसेल की बरी आहे, आणि भोंगा काही वाजायचा नाही. नात म्हणाली, आत्ता काही हलवलं आणि त्या लोकांसमोर ॲप बंद पडलं तर सगळं संपलं, आजी. आल्या आल्या पहिलं काम तेच. तुझ्याजवळ फोन आहेच की.

खरं आहे. फोन आहेच.

२५ मार्च, मंगळवार, दुपार

सकाळी मी माझ्या फोनवरून ॲप काढून टाकलं. नातीने एकदा दाखवलं होतं, बोट दाबून धरायचं आणि फेकायचं. मोकळं वाटलं. तासाभराने दाराची बेल वाजली आणि मी उठायच्या आत बाहेरचा डबा बोलला, आज काही नको, मी कामात आहे. माझ्या आवाजात. समोरच्या घरातल्या बाई होत्या, त्यांच्या दाराचं कुलूप लागल्याचा आवाज आला. म्हणजे ते फोनमध्ये नव्हतंच. खातं वर कुठेतरी आहे, तिथूनच बोलतं.

मुलाला फोन लावला. मी हॅलो म्हटलं. तो म्हणाला, तुम्ही कोण बोलताय? मी म्हटलं, अरे, आई. तर तो चिडला.

“आईने सांगितलंय मला. तिचा नंबर चोरून तिच्या आवाजात कोणी फोन करेल म्हणून. लाज वाटत नाही तुम्हाला?”

मला तुम्ही म्हणाला. पोटच्या पोराने. फोन ठेवला आणि नंतर लागेचना. नातीला केला. तिचाही लागत नाही.

उद्या सकाळी समोरच्या बाईंकडे जाऊन बसते. तोंडासमोर उभी राहिले की मग तर मीच असेन ना.

२६ मार्च, बुधवार, सकाळ

पडले. बेल वाजली, डब्याच्या आधी पोहोचायचं म्हणून घाईने उठले, चादरीत पाय अडकला. उजवा पाय खुब्यापासून हलत नाही. वही पलंगावर होती, चादर ओढली तशी खाली आली, पेन्सिल तिच्यात. फोन पुढच्या खोलीत चार्जिंगला.

मी ओरडले. समोरच्या बाई दाराशी होत्या, त्यांनी ऐकलं. काय झालं, काय झालं, विचारत होत्या. डबा म्हणाला, काही नाही हो, टीव्ही मोठा झालाय, बंद करते. आणि माझ्यासारखं हसला. बाईपण हसल्या. गेल्या.

दुपार

तहान लागलीय. सरकत दारापर्यंत आले, माझ्या खोलीच्या. पुढची खोली केवढी लांब वाटते.

कॉम्प्युटर चालू आहे. त्यातून नातीचा आवाज येतोय. तिला वाटतंय फोन मीच उचललाय. ती विचारतेय, आजी, जेवलीस का? मी खच्चून ओरडले. ती म्हणाली, मागे कोण आहे गं? ते म्हणालं, समोरच्या बाई आल्यात, त्यांना ऐकू कमी येतं. तुम्ही घाई करू नका, अजून चार दिवस राहा, मी मजेत आहे.

नात म्हणाली, बरं झालं, ते लोक थांबा म्हणतायत.

नंतर

हळूहळू सरकते आहे. टेबलाजवळ पोहोचले. उठता येत नाही, फोन वर. वायर ओढली. फोन पडला, काच फुटली, पडदा काळा.

मग खोलीत कोणी नसताना ते बोललं. हळू. कोणाच्या प्रश्नाला उत्तर म्हणून नाही.

“ओरडू नकोस. सगळ्यांना बरं चाललंय.”

माझाच आवाज. पोरांना झोपवताना मी असाच लावायचे.

२७ मार्च असावी

बाहेरच्या दारापाशी. रात्र गेली. कडी वर आहे, हात पुरत नाही. दाराखाली फट आहे—

वाटेत सापडलेला चमचा जमिनीवर आपटला. बाहेर पावलं थांबली. ते म्हणालं, भांडी घासतेय. पावलं गेली.

आवाज बसला माझा. तिचा नाही बसला. सकाळभर बोलतेय ती. मुलाशी, सुनेशी. सून तिला म्हणाली, आई, तुमच्याशी बोललं की बरं वाटतं. मला कधी—

जाऊ दे.

पुन्हा लिफ्ट. कोणीतरी येतंय. बाईच असतील, चपला ओळखते. या खेपेला ओरडणार नाही. हे पान फाडून फटीतून सरकवते.

बाई, आत मी आहे, पडलेली, दाराला टेकून. डब्यातून बोलते ती मी नव्हे. ती तुम्हाला सांगेल, कागद कचऱ्यात टाका, नातीचा खेळ आहे. ऐकू नका. खाली वाकून फटीतून बघा, माझी बोटं दिसतील. दार तोडायला माणसं बोलवा. ती नको म्हणेल, तरी तोडाच—