नऊ नंबरचा नारळ

६ जानेवारी २०२५, सोमवार

मानवजातीवर आजवर झालेल्या अन्यायांत एकाची भर: माझ्या खुर्चीला चाकं आहेत आणि ऑफिसच्या फरशीला उतार. टाइप करता करता मी टेबल सोडून भिंतीच्या दिशेने निघते आणि दर दहा मिनिटांनी पाय मारत परत येते. साहेब प्रेस्टन, वयाने माझ्या भाच्याएवढा, म्हणाला पुठ्ठा लावा. लावला. आता पुठ्ठा आणि मी, दोघं घसरतो.

बाकी सगळं झकास. सत्तेचाळिसाव्या वर्षी नवी नोकरी, गिरगावहून परळपर्यंत बसमध्ये खिडकी. ऑफिस म्हणजे पाडलेल्या गिरणीचं उरलेलं टाइम-ऑफिस, तळमजला. बाहेरच्या मोकळ्या जमिनीवर टॉवर व्हायचाय. खाली खडक कसा आहे ते जमिनीतल्या विजेवरून ओळखायचं. पण पुरलेले पाइप, बॉयलर, भराव त्या विजेला वाकवतात. ते डिस्टॉर्शन हुडकून आकड्यांतून काढणं हे माझं काम. थोडक्यात, जमिनीला चारित्र्याचा दाखला मी देणार.

१२ जानेवारी, रविवार

मापं फक्त रेल्वेच्या मेगाब्लॉकमध्ये घेतात. एरवी गाड्यांची वीज जमिनीतही कलकलाट करते. चार रविवार तीच मापं. पॉइंट एकूण बारा, बारावा माझ्या खुर्चीमागच्या भिंतीला बाहेरून लागून. प्रत्येक ठिकाणी मिठाच्या चिखलाने भरलेलं मडकं पुरायचं, त्यातून तार.

खड्डे गुणाजी खणतो. साठीचा, लालबागचा, मूळ मालवणकडचा. प्रत्येक खड्ड्याआधी नारळ फोडून जागेच्या राखणदाराला गाऱ्हाणं घालतो आणि दोन मजूर मागून ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. मी म्हटलं, मालकाची परवानगी आपल्याकडे आहे, शिक्क्यासकट. मजूरसुद्धा हसले नाहीत.

नऊ नंबरला पोचेपर्यंत दोन वाजले. ब्लॉक संपत आलेला. म्हटलं, इथला नारळ राहू दे. गुणाजी खणेना. शेवटी पहिलं फावडं मीच मारलं. तो शांतपणे म्हणाला, “नवाचो नारळ माझ्यार नाय, बाय. तुझ्यार आसा.”

म्हटलं, लिहून ठेवते. हे लिहिलं.

१३ जानेवारी

नऊवर भलतंच डिस्टॉर्शन. हातभर खाली, माणसाच्या लांबीचं.

गुणाजीने रागाने लोखंड पुरलं असणार. की मी प्रोबेशनवर आहे म्हणून प्रेस्टनच परीक्षा घेतोय? दुपारी जाऊन खणलं. लोखंड नाही. फक्त मडकं, आणि आतला चिखल कुणी चाटून घ्यावा तसा साफ. कुत्री असतील. हातभर मातीखाली गेलेली कुत्री.

प्रेस्टनचं म्हणणं, डिस्टॉर्शनच ना, मग काढा. काढलं. कागदावर नऊ नंबर निर्मळ.

२० जानेवारी

कालच्या मापांत नऊ खरोखरच निर्मळ. दहावर तेच. तीच लांबी.

डिस्टॉर्शनचा नियम एकच: ते जागचं हलत नाही. पुरलेला बॉयलर आठवड्याला चाळीस फूट चालत नाही. म्हणजे कुणीतरी हलवतंय. सगळ्यांदेखत गुणाजीची पिशवी उघडायला लावली. तंबाखू निघाली, आणि फडक्यात बांधलेली भाकरी. माझी मान वर होईना. तो रागावला नाही. त्याने एवढंच विचारलं, की सापडलं त्याचं मी कंप्युटरवर काय करते. सांगितलं, काढून टाकते.

“नारळ दिलंस नाय, आता तेचा नावय खोडलंस?”

दहाही काढलं. रिपोर्ट द्यायचाय.

२७ जानेवारी

अकरा.

काल गुणाजी माझ्या वतीने अकरावर नारळ घेऊन उभा राहिला. मी अडवायला हवं होतं. ‘बाय नवी आसा, चुकली’ इथपर्यंत आला. मग नुसते ओठ. आवाज नाही. नारळ हातातच राहिला.

हॉस्पिटलमध्ये सगळ्या तपासण्या स्वच्छ. वाचा तेवढी नाही. त्याची बायको बकुळा माझ्याकडे बघत नव्हती. त्याने कागदावर लिहून दिलं: जेचो नारळ तेनाच फोडूचो.

अकरा मी काढलं नाही. प्रेस्टनने काढलं. माझ्या लॉगिनवरून.

२ फेब्रुवारी, रविवार, दुपार

मजूर आले नाहीत. मापं एकटीनेच —

बारा. पण भिंतीबाहेर नाही. आत.

खुर्ची आज घसरत नाही. पुठ्ठा काढून पाहिला. तरी नाही.

नऊ, दहा, अकरा — फाइलमध्ये तिन्ही परत टाकली. जशीच्या तशी. प्रेस्टनचे चार फोन. उचलले नाहीत.

नारळ कोपऱ्यावरून आणलाय. गाऱ्हाणं घालता येत नाही. जमेल तसं म्हटलं: नवावर न विचारता खणलं ती मी, खोडलं ती मी, हा नारळ माझा. गुणाजीचा आवाज त्याला परत द्या.

फोडला. पाणी उताराने गेलं नाही. वळलं — खुर्चीखाली — फटीत —

मागून म्हणायला कुणी नाही. खोलीत मी एकटी —

खालून. गुणाजीच्या आवाजात. व्हय म्हा