पेज पाजलेली काळी पट्टी

८ जाने., भंडारा
लाकडाला लावलेला डिंक सुटताना लाकडाची कुसळे घेऊन येतो; प्लास्टिकच्या बादलीवरून तोच डिंक सालीसारखा अखंड निघतो. दोष डिंकाचा नव्हे. बादलीच्या पृष्ठभागाशी धरून ठेवण्याजोगे काही नसते. बहिणीसाठी, कुंदासाठी, मी केलेल्या कार्बनच्या पायपट्टीचे आज तसेच झाले. शेताच्या धुऱ्यावर चालताना पट्टीचे थर सुटले, ती भाताच्या बांधीत पडली. एकोडीहून तिचा फोन : "दादा, तुह्या पट्टीची पोथी झाली!" हसत होती. पण तिचे लुळे पाऊल उचलून धरणारे दुसरे काही नाही, आणि १९ला अंगणवाडीत रुजू व्हायचे आहे. नाहीतर ती जागा...

९ जाने.
तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली. थर चिकटवणारे रेझिन स्वच्छ सुटलेले. तंतूंवर धुरकट पापुद्रा. कसला? कार्बनचे सूत मीच कॉलेजच्या भट्टीत तापवून कारखान्याचा लेप जाळला, मग नायट्रिक आम्लात उकळले. आम्ल तंतूवर सूक्ष्म खाचा पाडते, ऑक्सिजनचे गट बसवते. रेझिन त्यांनाच धरते. किती सुंदर व्यवस्था! मग चुकले कोठे? शिकवताना तासाला लक्ष नव्हते.

११ जाने.
पवनी. पट्टी विणून देणारे महादेवभाऊ, कोसा रेशमाचे विणकर.
"तुमचा धागा लय भुसा सोडून राहिला होता, मास्तर. म्हून पेज पाजली."
"मले काहून नाही सांगतलं?"
"कोशाले पाजतोच न! अन् तुमी इचारलं कुठं? येता, लेक्चर देता, जाता."
बरोबर आहे. कोरडे सूत मागावर कोण चढवील? लेप मी जाळला, त्यांनी भाताच्या पेजेचा दिला, खाचा बुजल्या. आधी विणणे, मग आम्ल, हा क्रम मला सुचायला हवा होता.

१३ जाने.
कुंदाला सांगितले. "महादेवभाऊले बोलू नको हं. त्यानं तं पट्टीले जेवू घातलं." मग हळूच, "१९ले होईन न, दादा?"

१६ जाने.
उरलेली पट्टी गरम पाण्यात पाचदा धुतली. काळ्यावर पेज दिसत नाही. म्हणून धुण्याचे पाणी तपासतो. मुलांनाही सांगावे : घरी भाताच्या गार पेजेत जखमेवरच्या आयोडीनचा एक थेंब टाका, निळेकाळे होईल. पाचव्या पाण्याला अजून निळसर झाक. आम्ल, रेझिन, वाळणे, सगळे बाकी. सहाव्यांदा धुऊन ते पाणी काढून ठेवले आहे; ते निळे झाले नाही, तरच पट्टी आम्लात. गरम पाण्यात रंग नीट उमटत नाही, गार होऊ द्यावे लागते. तीनदा बोट बुडवून पाहिले. अजून कोमट.