खाऱ्या पाण्याचं विरजण

२ मार्च
सलीमभाई आपल्या रंगीत माशांच्या दुकानाचं शटर अर्धं ओढून तडक माझ्या घरी. दारातूनच ओरडले, "पार्सलबाबू, मिठाई निकालो!" कॉलेजातला जीवशास्त्राचा वर्ग, मास्तरांसकट, आमच्या खारं पाणी मंडळाचा इतिहास ऐकायला येणार. माझ्याच घरी. कारण माशांची मूळ टाकी इथं, दिवाणखान्यात. थोरली मासोळी इथं.
परभणीत समुद्र बघायला लोक येणार! जगात जर्मनी आणि पुढचं काय ते म्हणतात, ते उगीच नाही.
सुमन म्हणाली, "आता ह्यांचे पाय जमिनीला लागत नाहीत महिनाभर."
लागले नाहीत. वरणात मीठ नव्हतं म्हणे. मला कळलं नाही.

५ मार्च
भाषण लिहायला बसलो. सुरुवात कवितेनं करावी असं मनात. गंगाखेडच्या शाळेत समुद्राची कविता होती. आख्खा वर्ग सुरात म्हणायचा, मागं गोदावरी, आमची गंगा. समुद्र कुणीच पाहिला नव्हता. मास्तरांनी विचारलं, समुद्र केवढा? मी उभा राहून म्हणालो, पूर आल्यावर गंगा असते तेवढा. मास्तर हसले नाहीत. म्हणाले, बस, तुला कळलाय.
ते बाक, तो सूर, खिडकीतून येणारा ओल्या वाळूचा वास…
चार ओळी जुळवल्या. सलीमभाईंना फोनवर ऐकवल्या. "शायरी कम करा पार्सलबाबू, मछली जादा."

८ मार्च
इतिहास, कच्चा खर्डा.
मी स्टेशनात पार्सलच्या खिडकीवर. गाडी उशिरा. मुंबईहून आलेलं खोकं, वर लिहिलेलं 'जिवंत मासे', मालक सलीमभाई. त्यांच्या दुकानात तोवर गोड्या पाण्यातलेच मासे असत, हे पहिलं खारं पार्सल. घ्यायला आले तेव्हा आम्ही दोघांनी मिळून खोकं उघडलं. पिशव्यांत नारंगी मासे, अंगावर पांढरे पट्टे. क्लाऊन म्हणतात त्यांना. ज्या गिऱ्हाइकानं मागवले, तोच फिरला. सलीमभाई म्हणाले, "तुमीच घ्या. तुमची नजर हलतच नाही त्यांच्यावरून."
त्यातलीच ही थोरली. आमचा मुलगा सुनील तेव्हा दहावीत. आता त्याची पोरगी शाळेत जाते. धाकटा, म्हणजे तिचा नर, मागाहून आला.
विरजणाची रीत लिहायची. मंडळात कुणी नवी टाकी लावली की मूळ टाकीतला एक दगड आणि ओंजळभर वाळू द्यायची, ओलीच, दुधाच्या कॅनमधून. त्या दगडावर जो शेवाळी मळ असतो तोच पाणी जिवंत ठेवतो. तो नसला तर माशांची घाण माशांनाच मारते. नाव सुमननं दिलं. ती म्हणाली, हे तर विरजणच.
येलदरीच्या नानाचा कॅन मी स्वतः एसटीनं मांडीवर नेला. नाना धरणात जाळं टाकतो. त्याचं म्हणणं, "गोड्या पाण्यानं पोट भरतंय काका, खाऱ्यानं डोळे." दुसरा कॅन गंगाखेडला वैशालीकडं. ती शाळेत शिकवते, टाकी तिच्या वर्गातच आहे. माझ्या गावची पोरं आता समुद्र बघून कविता म्हणतात.

९ मार्च
खर्ड्यात मोठी गोष्ट राहिलीच! थोरलीची पिल्लं.
ती अंडी घालते ते टाकीत ठेवलेल्या, गंगाखेडच्या घराच्या जुन्या कौलावर. आधी तोंडानं कौल घासते, सारवून घेतल्यासारखं. पहिल्या कितीतरी खेपा पिल्लं गेली. मग एका हंगामात जगली. नखाएवढी, पट्टे उमटलेली. ती आम्ही मुंबईच्या दुकानाला पाठवली. मी निवृत्त, त्याच खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभा. आतला नवा बाबू म्हणाला, "काका, उलटं लिहिलंत. समुद्रातले मासे, पाठवणार परभणी, घेणार मुंबई?"
म्हणालो, "नीट वाच. बरोबर आहे."
असा दिवस आयुष्यात एकदा येतो. हे भाषणाच्या शेवटी.

१५ मार्च
टाकी पाहुण्यांना दाखवायच्या जोगी केली. दिवसभर काम. दगड काढून ब्रशनं घासले, फिल्टरचे स्पंज नळाखाली पिळले, वाळू धुतली. सगळं लख्ख. काच तर अशी की मासे हवेत तरंगतात.
सुमन भाजी निवडताना बघत होती. कमरेला बाम.

१८ मार्च
थोरली खात नाही. पाणी दुधट.

१९ मार्च
दोघं वर येऊन तोंड उघडतात. वास. सलीमभाईंनी बाटलीत पाणी घेऊन तपासणीचे थेंब टाकले, रंग बघून कपाळाला हात लावला.
"नळाचं पाणी वापरलं?"
मी मान हलवली.
"पार्सलबाबू, नळात औषध असतंय. धुऊन काढलं तुमी सगळं. मळच नाही राहिला, पाणी मरून गेलं."
सुमन आतून, "विरजणाचं भांडं घासून कुणी दही लावतं का हो? मला वाटलं, इतकी वर्षं करताय, तुमाला ठाऊक असंल."
ठाऊक होतं. तेच तर. दुनियेला शिकवलं आणि आपल्या घरी… चकचकीत दिसावं म्हणून.
थोरली आणि धाकटा सलीमभाईंच्या दुकानी, त्यांच्या पाण्यात. न्यायला जुना डबा. थोरली तळाशी आडवी. सलीमभाई म्हणाले, म्हातारी आहे, वादा नाही करत.

२० मार्च
टाकी रिकामी. पंप उगाच गुरगुरतो. सोफा फिरवून ठेवला.
वर्गाला येऊ नका कळवावं म्हटलं. सलीमभाई लय चिडले. "काय सांगणार? मंडळ बंद? आजचा दिन ठहरो."

२१ मार्च
सकाळी दारात नाना. पहिल्या एसटीनं आलेला, मांडीवर दुधाचा कॅन. माझाच कॅन, कडेला पोचा आहे तो. सलीमभाईंनी फोन केला होता म्हणे.
कॅनमध्ये दगड. एका बाजूला खाच, मीच दिलेला. पण ओळखू येईना. सगळा जांभळा, वर बारीक झाडी, खाचेत एक इवला खेकडा.
"तुमचाच हाय काका. लय मोठा झालाय बघा."
सुमननं चहा टाकला. नाना कपबशीत ओतून पीत म्हणाला, "घासू नका म्हंजे झालं." सगळे हसले. मीही.
दुपारी वैशाली गंगाखेडहून, पिशवीत वाळू. तिच्या वर्गानं एकेक मूठ घातली म्हणे, आणि घालताना कविता म्हटली. कुठली, विचारलं नाही. माहीत होती.
नवं मीठ कालवलेलं पाणी, वर त्यांचा दगड, त्यांची वाळू. टाकी आता मळकट, गढूळ. फार सुंदर.

२६ मार्च
सलीमभाईंनी थेंब टाकून बघितलं. "लागलं दही." थोरली तिकडं थोडी उठली, पण तोंडात काही धरत नाही. पाहुण्यांपुढं न्यायची नाही, असं त्यांचं म्हणणं. मान्य.

२९ मार्च
कार्यक्रम झाला. दिवाणखान्यात माणसं मावेनात, चपला जिन्यापर्यंत. टाकीत मासा एकही नाही. एका मुलीनं विचारलंच, "सर, फिश कुठंयत?"
भाषणाचा कागद खिशातच राहिला. काय झालं ते सांगितलं, नळापासून दगडापर्यंत. म्हटलं, ही मूळ टाकी. हिच्यातून येलदरी झाली, गंगाखेड झालं. आणि आता येलदरी-गंगाखेडातून ही झाली. आमच्या मंडळाचा इतिहास एवढाच, बघा, हा दगड.
नाना मागं भिंतीला टेकून छाती काढून उभा. नवा शर्ट, घडीच्या खुणा तशाच.
मुंबईच्या पार्सलाची गोष्ट सलीमभाईंनीच सांगून टाकली, माझ्यापेक्षा रंगवून. टाळ्या. मग तीच मुलगी विचारते, "मला विरजण मिळेल का?"
नानाच्या दगडाचा तुकडा द्यायचं ठरलं. टाकी आधी लावू दे तिला.

३ एप्रिल
थोरली घरी आली. सलीमभाईंनी डबा आणला, पाणी थोडं थोडं मिसळत दुपार गेली. सोडल्यावर ती सरळ पंपाच्या नळीमागं. धाकटा कौलापाशी.

५ एप्रिल
ती नळीमागंच. दाणा पुढून गेला, बघितला, सोडला.
धाकटा सकाळपासून कौल घासतोय. आधी ती सुरू करायची, मग हा. आज एकटाच, तोंडानं, एकेक जागा. मधेच तिच्याकडं जाऊन येतो. परत घासतो.
संध्याकाळी ती अर्धी बाहेर आली. पट्टा दिसला. मी काचेला नाक लावून.
सुमन म्हणाली, "सरका की तिकडं. कुणी असं टक लावून बघितलं तर मी तरी येईन का बाहेर?"
सरकलो. टाकीचा दिवा मालवला.